पुस्तकातली नायिका, घरातली सून

सेलूच्या बस स्टँडवर मला सोडायला फक्त आई आणि बाबा आले होते. वर्ध्याहून गाडी पकडून मी बंगळुरूला निघाले होते. बाबांनी बॅग सीटखाली सरकवली, खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. आई म्हणाली, "मान खाली घालून राहू नको तिकडं. तू काई चोरी करून नाई जाऊन राह्यली."

गावात सगळे म्हणाले, पोरगी नोकरीला गेली. खोटं नव्हतं ते. पण त्या आधी गावानं मला हाकललं होतं. शिवी न देता, गोड बोलून. मागे राहिलेल्या ज्या मैत्रिणी मला अजून "कायमची घरी काऊन येत नाई?" विचारता, आणि ज्या माझ्यासारख्याच बाहेर पडलात, तुम्हा सगळ्यांना आज सांगून टाकते.

मी वर्ध्याला इंग्रजीत एम.ए. करत होते. आमच्या गावातल्या बड्या वकिलांची बायको, शैलाकाकू, दर शनिवारी बंगल्यावर बायकांचं वाचन मंडळ भरवायच्या. मराठीत आलेली एक जुनी परदेशी कादंबरी त्यांनी वाचायला घेतली आणि समजावून सांगायला मला बोलावलं. खानदानी घरातली मुलगी गाण्याच्या मास्तरावर जीव लावते. कुणी तिच्यावर आवाज चढवत नाही. मेजवान्यांची आमंत्रणं तेवढी थांबतात, ओळखीच्या बग्ग्या तिच्या दारावरून न थांबता पुढे जातात. शेवटच्या प्रकरणाला काकूंनी पदरानं डोळे पुसले. "किती निर्दयी लोक गं! प्रेम करणं काय पाप आहे?" मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तू तर आमच्या घरचीच आहेस बेटा."

मी ते खरं मानलं. का नाही मानायचं? त्यांचा मुलगा निखिल माझ्याच वर्गात होता. दोन वर्षं आम्ही बरोबर होतो. हिंगणीच्या रस्त्यानं बोर धरणावर जायचो, पुढच्या संसाराच्या गोष्टी करायचो. आम्ही बौद्ध, ते तालुक्यात मोठ्या मानल्या जाणाऱ्या जातीचे. "आमच्या घरी असलं कुणी मानत नाही," हे त्याचंच वाक्य. त्याच भरवशावर त्यानं घरी आमच्या लग्नाचं सांगितलं.

पुढच्याच रविवारी काकू आमच्या घरी आल्या. पहिल्यांदाच. खुर्चीवर नीट बसल्या, चहाही घेतला. "मुलगी हिरा आहे तुमची," त्या आईला म्हणाल्या. "पण आम्हाला चार लोकांत राहावं लागतं. पुण्याला माझा भाऊ आहे, तो हिला नोकरी लावून देईल. पोरीचंही भलं होईल."

आई उभी राहिली.

"वकिलीणबाई, पुस्तक समजावून सांगाले माह्यी पोरगी तुमच्या घरी चालत होती. मंग आता काऊन नाई चालत?"

काकू हसल्या. ते हसू मला अजून दिसतं. "पुस्तकात चालतं हो. घरात कसं चालेल?"

"मंग तुमची नोकरी बी तुमच्या घरीच ठेवा," आई म्हणाली.

मी बाहेर आले. काकूंची गाडी दारातच उभी होती, एसी सुरू होता आणि निखिल आत बसला होता. "तू आत काऊन नाई येऊन राह्यला?" मी विचारलं. त्यानं काच चार बोटं खाली केली. "आईचं बीपी वाढते. तू समजून घे ना." आणि काच वर केली.

मी घरी शिकवणी घ्यायचे, त्या मुली त्यानंतर एकेक करून येईनाशा झाल्या. वाचन मंडळाचा फोन आला नाही. रस्त्यात भेटणाऱ्या बायका प्रेमानं विचारायच्या, "मंग, केव्हा जाऊन राह्यली?" कादंबरीतल्या बग्ग्या मला सेलूत दिसल्या. बंगळुरूची नोकरी माझी मीच शोधली.

इथं मी शाळेची पुस्तकं संपादित करते. डेडलाइन, वीकेंड, लिफ्टमध्ये शेजाऱ्यांशी तुटकी कन्नड, असं आयुष्य. माझ्या कथांचं पुस्तक निघालं, आणि इतक्या वर्षांनी काकूंचा फोन आला. मंडळाचा वर्धापनदिन आहे, आपल्या सेलूची लेक म्हणून तू त्याच कादंबरीवर बोल.

"येते," मी म्हणाले. "पण आई-बाबा पहिल्या रांगेत बसतील, आणि तुम्ही आमच्या घरी येऊन काय बोललात तेही मी सांगेन."

"जुन्या गोष्टी कशाला उकरतेस बेटा?" त्या म्हणाल्या. दोन दिवसांनी कळलं, दुसरे वक्ते ठरलेत.

वर्धापनदिनाच्या दिवशी मी सेलूला गेलेच. आमच्या अंगणात आईनं शेजारच्या बायका जमवल्या. कुणी शेतातून आलेली, कुणी दवाखान्यातली ड्युटी संपवून. मी तीच कादंबरी त्यांना आमच्या बोलीत सांगितली. कुणी डोळे पुसले नाहीत. रमामावशी मात्र मध्येच भडकली, "अवं, पण तिची माय काय करून राह्यली होती?"

"गप्प बसली," मी म्हणाले.

सगळ्या बायका आईकडे पाहायला लागल्या. आई लाजली, "चहा ठेवतो" म्हणत आत गेली.

माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. बंगल्यांचं, गोड हसणाऱ्यांचं सेलू माझं घर नाही. बंगळुरूच्या फ्लॅटच्या दारावर माझं नाव आहे, पण तेही अजून घर झालेलं नाही. माझं घर म्हणजे त्या दोन खोल्या, जिथं माझी आई माझ्यासाठी उभी राहिली होती. तिथं मी जाते, राहते, आणि मान वर करून परत येते.