राखून ठेवलेले दोन घास

त्याने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले. हे त्याचं नेहमीचंच होतं. नवीन हॉटेल असो, ढाबा असो की रस्त्यावरची गाडी असो, पहिल्या घासाला डोळे मिटायचे, जबडा हळूहळू हलवायचा, मग डोळे उघडून मान हलवायची आणि म्हणायचं, "हे न्हाई." एवढं झालं की पुढचं सगळं ताट तो मजेत जेवायचा.

त्या रविवारी आम्ही उर्से गावाच्या वाटेला नवीनच निघालेल्या एका खानावळीत बसलो होतो. पत्र्याची शेड, बाहेर दोन चुली, एक बाई भाकऱ्या थापत होती. त्याने डोळे मिटले ते लवकर उघडलेच नाहीत. मला वाटलं, ठसका लागला.

"आबा," तो म्हणाला, "हेच."

"काय हेच?"

"वैनीचं पावट्याचं कालवण. हेच त्ये."

वैनी म्हणजे माझी बायको. तिला जाऊन तिसरं वर्ष चालू आहे. माझ्यापुढे दहीभात होता. त्याने वाटी माझ्याकडे सरकवली, मी ती परत त्याच्याकडे सरकवली. तुम्हाला वाटेल, म्हाताऱ्याला भरून आलं असेल. तसं काही नव्हतं. मला राग आला होता. माझ्या बायकोच्या हातची चव मला हा दाखवणार?

हे असं का, ते सांगतो.

मळवलीला आम्ही दोघं शेजारशेजारच्या बंगल्यांवर कामाला होतो. मी राखणीला, तो माळीकामाला. मध्ये छातीएवढी भिंत. दुपारी भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोघं उभे राहायचो आणि भिंतीवर डबे ठेवून जेवायचो. मला मूळव्याधीचा त्रास, आणि आमच्या हिचा हात तिखटाचा. त्याच्या बायकोचं जेवण म्हणजे आजाऱ्याचं पथ्य. एक दिवस तो म्हणाला, "आबा, द्या की तुमचा डबा हिकडं. तुमाला सोसंना, मला हे गिळंना." त्या दिवसापासून डबे भिंतीवरून बदलले ते नोकरी सुटेपर्यंत बदललेलेच राहिले.

म्हणजे बघा, मी आयुष्यभर दुपारी त्याच्या बायकोच्या हातचं जेवलो आणि तो माझ्या बायकोच्या.

मी घरी यातलं काही बोललो नव्हतो. ही डबा धुवायला घ्यायची तेव्हा तो पुसून निघालेला असायचा, आणि ती खूश व्हायची. पण त्याच्या तोंडाला कुठे झाकण होतं. बाजारात एकदा ती दिसली तर हा लांबूनच ओरडला, "वैनी, काल तिखट कमी पडलं बरं का." मी जमिनीत गेलो. घरी आल्यावर आता ही काय बोलते म्हणून मी बसून होतो. ती एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी कालवण असं झालं, की त्याने नाक पुसत पुसत खाल्लं आणि भिंतीपलीकडून हात जोडले. तेव्हापासून ती त्याच्या जिभेच्या मापाने मिरची टाकायची. मला जळायला तेव्हाच सुरुवात झाली. नवरा मी, आणि डबा कुणासाठी होतोय?

त्याची आणखी एक खोड होती. त्याच्याजवळ कायम एक छोटा डबा असायचा, फिरकीच्या झाकणाचा, मूठभर मावेल एवढा. जेवताना दोन घास तो त्यात राखून ठेवायचा. मला वाटायचं, संध्याकाळी चहाबरोबर खात असेल.

नवीन काही उघडलं की ते त्याला सगळ्यात आधी कळायचं. तुम्ही शनिवार-रविवारी इकडे येता, लेणी बघता, धबधब्यात भिजता आणि पहिला जो बोर्ड दिसेल तिथे जेवता. तो बोर्ड लागायच्या आधी, रंग ओला असतानाच हा तिथे उभा असायचा. "काय देनार?" असं मालकालाच विचारायचा. भाजे लेण्यांच्या वाटेवर कुणी मिसळ सुरू केली, बाजारात कुणी मातीच्या कुल्हडात चहा द्यायला लागलं, की स्कूटर घेऊन माझ्या दारात. "चला आबा. बघू तरी काय देतो त्यो." जिथे तिथे त्याच्या ओळखी. त्याला रस्सा जास्त, कांदा जास्त. मी पाठीमागे उभा, माझ्या ताटात बघायला कुणी नाही. मी पैसे काय कमी देत होतो?

एकदा त्याने मला लोणावळ्यात काचेच्या दाराच्या कॉफीच्या दुकानात नेलं. आत सगळी पोरंपोरी, गार हवा, बोलणं हळू. मला बूट बाहेर काढावेत की काय कळेना. हा सरळ आत गेला आणि काचेच्या कपाटातल्या पांढऱ्या तुकड्याकडे बोट केलं. पोरीने सांगितलं, चीजकेक आहे काका. त्याने डोळे मिटून खाल्ला आणि म्हणाला, "खरवस हाय ह्यो. पर आजारातनं उठल्याला." ती पोरगी इतकी हसली, की आतल्या दोघांना बोलावून त्याला पुन्हा ते म्हणायला लावलं. उरलेला तुकडा त्याने छोट्या डब्यात घातला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"हिला न्ह्यायला."

त्याच्या घरावरूनच माझी वाट. म्हणून त्या दिवशी मी दारातून पाहिलं. त्याच्या बायकोने झाकण काढलं, वास घेतला, बोटाने चाखलं, आणि भाकरीला लावून खाल्लं. "साबण लावल्यावानी लागतंय," ती म्हणाली. तो पोट धरून हसला. मी दारातच होतो. आत या म्हणाले दोघं, मी गेलो नाही. घरी येऊन कुलूप काढलं. तेव्हा आमची ही जाऊन चार-पाच महिने झाले होते. माणूस कुठे काय खाऊन आला, हे घरात कुणाला सांगायलाच नसेल, तर त्याने खाऊन आणि हिंडून उपयोग काय? मला त्याच्या ओळखीपाळखीचा हेवा वाटायचा, तो पुढे कमी झाला. त्या छोट्या डब्याचा मात्र कधी कमी झाला नाही.

ही गेली तेव्हाचं सांगायचं राहिलं. आमच्याकडे मयत झालं की घरात चूल पेटत नाही. सोयरे, शेजारी कडू घास घेऊन येतात, पिठलं नाही तर आमटी आणि भाकरी, आणि ज्याचं माणूस गेलं त्याला बळेच भरवतात. माझ्या भावकीने आणलेलं मी खाल्लं नाही. हा आला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि घास धरून तसाच बसून राहिला. हात भरून आला तरी खाली घेतला नाही. शेवटी त्याच्या हाताची कीव येऊन मी तोंड उघडलं.

त्यानंतर त्याचं ते नवीनच सुरू झालं, "हे न्हाई." कुठेही गेलो तरी पहिला घास, डोळे मिटणं आणि "हे न्हाई." पवना धरणाच्या बाजूला "चुलीवरचं" असा बोर्ड दिसेल तिथे त्याने मला नेलं. कुठे म्हणायचा, मसाला जवळ आला पण खोबरं जास्त भाजलं. कुठे म्हणायचा, वैनी चिंच टाकायची न्हाई, आमसूल टाकायची. मी सगळं सहन केलं, एक दिवस नाही झालं. मळवली स्टेशनसमोर स्कूटर थांबवायला लावली आणि विचारलं, "माझ्या बायकोची चव तू कशाला हुडकतोस रे?"

तो स्कूटरवरच बसून होता. म्हणाला, "तुमाला आठवती का?"

कशी आठवणार? रात्रीचं मी दूधभात खायचो, दुपारचं हा खायचा. तिच्या हाताची भाकरी आठवते, चहा आठवतो. ज्या कालवणासाठी ती पहाटे उठून खोबरं भाजायची, ते माझ्या जिभेला धड माहीतच नाही.

"मग कुनीतरी हुडकाय पायजे का नको?" तो म्हणाला आणि स्कूटर चालू केली.

मधूनमधून मला शंका यायची, की हा थापा मारतो. आमसूल काय आणि चिंच काय, त्याला तरी काय आठवत असेल? पण विचारायचं कुणाला? तिची चव माहीत असलेला जगात तो एकटाच होता. माझी मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, तिला आईचं तिखट कधी चाललंच नाही. तेव्हा तो खरं बोलतो की खोटं, हे ठरवायचीही माझी सोय नव्हती. तो नुसता घास चावायचा आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचो. माणसाला आपल्याच बायकोबद्दल दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागलं, तर जळणार नाही तर काय करणार?

म्हणून त्या रविवारी, तो "हेच" म्हणाला तेव्हा, मी घास घेतला नाही. इतकी वर्षं तुझं तूच खाल्लंस, आता हेही खा. त्याने दोनदा म्हटलं, "आबा, जिबंला लावा तरी." मी दहीभात संपवला. तो हसला, छोट्या डब्यात कालवण भरून घेतलं, चुलीपुढच्या बाईला सांगितलं, "मावशी, फुडच्या रविवारी परत येतो." स्कूटरची डिकी मोडलेली होती, म्हणून डबा माझ्या पिशवीत ठेवला. वाटेत तो नेहमीसारखा बडबडत होता, मी नेहमीसारखा हं हं करत होतो. दारात मला सोडलं. डबा द्यायचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

तासाभराने त्याचा शेजारी पळत आला. हा ओट्यावर बसून बायकोशी बोलत होता, त्या उर्शाच्या कालवणाबद्दलच, आणि बोलता बोलता भिंतीला टेकला. डॉक्टर येईपर्यंत सगळं झालं होतं. मुलगा तळेगावात, तो लगेच आला. दिवस मावळायच्या आत आम्ही त्याला पोचवून आलो.

स्मशानातून येताना माझ्या मनात काय होतं ते लिहितो, तुम्ही काही म्हणा. मला त्याचा हेवा वाटत होता. बायकोच्या आधी गेला. पोटभर जेवून, बोलत बोलत, तिच्यासमोर. मागे राहायचं त्याच्या वाट्याला आलं नाही, ते माझ्या वाट्याला आलं.

घरी येऊन अंघोळ केली, तेव्हा पिशवीत डबा दिसला. झाकण काढलं. थंडीचे दिवस होते, कालवण चांगलं होतं. बोट घातलं असतं तर कळलं असतं. पण कळून काय? खरं का खोटं हे सांगणारा आता नव्हता. मी ते पातेल्यात उकळून घेतलं आणि झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी केली. आयुष्यातली पहिलीच. एका बाजूने जाड, एका बाजूने करपलेली, बघून कुणी हसलं असतं. कालवण गरम करून त्याच्याच छोट्या डब्यात भरलं आणि निघालो.

ओट्यावर बायका बसलेल्या. झाकलेली ताटं तशीच पडलेली. त्याच्या बायकोने कालपासून कुणाच्या हातचं काही घेतलं नव्हतं. मी तिच्यासमोर बसलो. मला उकिडवं बसता येत नाही, मांडी घातली.

"बाई," मी म्हणालो, "हे मी नाही आणलेलं. त्यानंच तुमच्यासाठी बांधून आणलंय. माझ्याकडे राहिलं होतं."

तिने डबा ओळखला. मी घास पुढे धरला. हात भरून येईल म्हणून मनाची तयारी केली होती, पण तिने लगेच तोंड उघडलं. चावलं, आणि चावता चावता थांबली. डोळे मिटले नाहीत, उघडेच होते, माझ्याकडे बघत होते.

"आबा," ती म्हणाली, "हे तर वैनीचं हाय."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला न्हाई म्हाईत? रोज सांजच्याला दोन घास ह्याच डब्यात यायचं. तुमचं डबं बदललं तवापास्नं खातीया मी."

म्हणजे ती चव त्यालाही माहीत होती आणि त्याच्या बायकोलाही. त्या घरात दोघं जण इतकी वर्षं माझ्या बायकोच्या हातचं खात होते, आणि मला वाटत होतं, तिची चव काल त्याच्याबरोबर गावाबाहेर जळाली. जाताजाता जळायला आणखी एक कारण देऊन गेला तो. पण थापा मारत नव्हता.

तिने आणखी एक घास घेतला. मग डबा आणि उरलेली भाकरी माझ्याकडे सरकवली. "तुमी खावा," म्हणाली, "तुमच्या घरातलं हाय."

या वेळी मी परत सरकवलं नाही. तिथेच, सगळ्या बायकांसमोर खाल्लं. तिखट होतं. खोबरं खमंग भाजलेलं होतं आणि मागून आमसुलाचा आंबटपणा येत होता. दुपारी मला भोगावं लागणार हे माहीत होतं. तरी खाल्लं, आणि भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने डबा आतून पुसून घेतला. आमच्या हिच्या हातात रोज संध्याकाळी जायचा तसा.