मोकळा कोपरा

हे मी बायकोला सांगितलं न्हाई, पोरांना न्हाई, देवापुढं उभं राहूनबी कधी तोंडातून काढलं न्हाई. तुला सांगून राहिलो, ते तू लई भला माणूस हायेस म्हणून न्हाई. परवा माझ्या सत्काराला तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यास ना — त्या टाळ्या डोक्यात गेल्यात माझ्या. शाल, नारळ, वर फेटा. आणि बॅनरवर काय, तर 'मोकळ्या कोपऱ्याचे जनक'! जनक! कशाचा जनक रे?

तू कबड्डी खेळला न्हाईस, म्हणून आधी समजून घे. चढाईवाला अंगावर येतो तेव्हा पकडणारे हातात हात धरून उभे राहतात. एक कोपऱ्यातला, एक त्याच्या शेजारचा. कोपऱ्यातल्यानं पाय धरला की शेजारचा त्याच हाताच्या ओढीनं आत येतो आणि कमरेला मिठी घालतो. आमच्या कॉलेजात चढाई शिकवायला दुसरे सर होते. पकड माझ्याकडं. तीच माझी सगळी नोकरी.

लातूर जिल्हा तेव्हा नुकता वेगळा झाला होता. नवं कलेक्टर ऑफिस, नव्या पाट्या, आणि कबड्डीला जिल्ह्याचा आपला पहिला संघ. जो तो छाती काढून फिरून राहिला होता. पाण्याचं मात्र नाव न्हवतं. मैदानावर शिंपडायचं सोड, होस्टेलच्या पोरांना आंघोळीला पाणी न्हवतं. माती पाट्यासारखी कडक झालेली.

डाव्या कोपऱ्यात माझा मिलिंद होता. चाकूरकडचा, बौद्ध घरातला. आई त्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडायची. पोराला पोलिसात जायचं होतं. जिल्ह्याच्या संघात आलं की सर्टिफिकेट मिळायचं आणि भरतीत त्याला वजन होतं. त्याच्या हातात पाय सापडला की सापडला, सुटायची बात न्हाई.

त्याच्या शेजारी बालाजी. माझ्या भावकीतला. त्याचे चुलते संस्थेच्या कमिटीवर, आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती — कळून राहिलं ना, कुठं जाऊन राहिलो ते? सरावाच्या पहिल्याच दिवशी बालाजीनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "सर, खेळतो मी. पण त्याचा हात तेवढा न्हाई धरणार."

आता तूच सांग. चढाईला आलेल्या परक्या पोराच्या मांडीला हाच बालाजी घोरपडीसारखा चिकटायचा, तेव्हा त्याची जात विचारायचा का? एकमेकांचा घाम अंगाला लागायचा, सगळं चालायचं. नुसता हात हातात घ्यायचा म्हटलं की बाटायचा, हरामखोर! — पण थांब. शिव्या त्याला घालून मी सुटतो का? तो विशीतलं पोरगं. सर मी होतो. हात धर न्हाईतर घरची वाट धर, एवढंच म्हणायचं होतं. म्हणालो का?

मी मिलिंदला बोलावलं. खांद्यावर हात ठेवला — माझा हात चालायचा बरं का, मी पुढारलेल्या विचारांचा! — आणि म्हणालो, "तुला कुणाच्या हाताची गरज न्हाई. तू मोकळा खेळ. नवी पद्धत काढू आपण." पोराचा चेहरा असा खुलला! "हाव सर," म्हणाला. त्याला वाटलं, सर आपल्यावर भरवसा टाकून राहिले.

कसली पद्धत? माझी फाटली होती, तिला मी नाव दिलं. आणि ती चालली रे, तेच वाईट झालं. चढाईवाला परत जायला वळला की मिलिंद एकटाच झेप घ्यायचा आणि गडी खाली. बाकी कॉलेजांचे सर विचारायला यायचे. मी फळ्यावर आकृत्या काढून दाखवायचो, लाज न वाटता.

मग निवडीचा सामना आला. समोरचा चढाईवाला रेड्यासारखा. तो वळला, मिलिंदनं घोटा धरला, पक्का धरला. बालाजी जागेवरच. हात हातात असता तर आपोआप ओढला गेला असता आत. उभा राहून बघत बसला, मीच तसं बसवलं होतं. त्या गड्यानं मिलिंदला फरफटत नेलं आणि त्याच्या पायावर पडला. गुडघा फिरला. आवाज मला रेषेबाहेर ऐकू आला.

इथवरचं कदाचित तू मला माफ करशील. पुढचं ऐक. मी धावत गेलो. पोरगं मातीत तळमळून राहिलं होतं. भोवती निवड समितीचे लोक, बालाजीचे चुलते. आणि मी त्याच्यावर ओरडलो, "वळायच्या आधी झेप कशाला घेतलीस? किती वेळा सांगितलं, घाई नडली तुला!" सगळ्यांदेखत. खोटं! तो गडी वळला होता. मी डोळ्यांनी बघितलं होतं. मिलिंदनं वेळ बरोबर साधली होती. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि "चुकलं सर" म्हणाला.

गुडघा नीट बसला न्हाई. भरतीत पळावं लागतं, मग भरती कसली? लोकांनी कडक मैदानाला बोल लावला, दुष्काळाला लावला, मी मान हलवली. मी त्याच साली कायम झालो. मोकळा कोपरा पुढं शिकवतच राहिलो — बंद केला असता तर कुणीतरी विचारलं असतं ना, का म्हणून?

मागच्या वर्षी नायगावला शाळांच्या सामन्यांना गेलो होतो. तिथं मिलिंद भेटला. मास्तर हाय आता, अजून लंगडतो. पोरींचा संघ घेऊन आला होता. मला बघून लगबगीनं आला, पोरींना म्हणाला, "हे माझे सर." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "मी यांना हात सोडू देत न्हाई, सर. मी त्या दिवशी तुमचं ऐकलं न्हाई, घाई केली. तुमचा संघ माझ्यापायी हरला."

खरं काय ते अगदी ओठापर्यंत आलं होतं. पोरी माझ्याकडं बघून राहिल्या होत्या. मी त्याची पाठ थोपटली आणि म्हणालो, "जाऊ दे रे, होतं खेळात. मी केव्हाच विसरलो."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "लई वर्षं मनात होतं, सर," म्हणाला.

मी त्याला माफ करून घरी आलो.