साठ दातांच्या ब्लेडवरून झालेलं भांडण

"वाट लागली! बघ, बघ काय केलंय तुझ्या ब्लेडने!"

मुलुंडच्या एका दातांच्या दवाखान्यात उरलेली मापं घेऊन मी साकीनाक्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये पाय ठेवते न ठेवते, तोच शेठनी कपाटाचं एक दार माझ्यासमोर नाचवलं. त्याच दवाखान्यासाठी नुकतंच कापलेलं. पांढऱ्या लॅमिनेटच्या कडेचे टवके उडाले होते.

ब्लेड माझं, कारण आठवड्यापूर्वी मीच ते निवडलं होतं. मी टेबल सॉ चालवते. म्हणजे लोखंडी टेबल, त्याच्या फटीतून गोल ब्लेड वर आलेलं, लाकूड आपण ढकलायचं. मशीनवर बाई बघून अजूनही लोक दारात थबकतात. थबकू देत.

आमच्याकडे हे एकच मशीन. सकाळी सागाच्या पट्ट्या, दुपारी प्लाय. चोवीस दातांचं ब्लेड सागात भराभर जातं, पण प्लायची कड खडबडीत करतं. ऐंशी दातांचं कड गुळगुळीत देतं, पण जाड सागात अडकतं, लाकूड करपतं. खरं तर कामाप्रमाणे ब्लेड बदलायला हवं. पण एकदा चढवलं की बोथट होईपर्यंत तेच, ही आमची रीत. म्हणून मी साठ दातांचं, मधल्या किमतीचं घेतलं. दुकानदार इम्पोर्टेडच पुढे सरकवत होता. मी माझं ब्लेड काउंटरच्या काचेवर आडवं ठेवलं, डगमगलं नाही, म्हणजे वाकलेलं नव्हतं. दातांच्या टोकांवरचे कार्बाइडचे, म्हणजे कठीण धातूचे तुकडे जाड होते, म्हणजे पुन्हा पुन्हा धार लावता येणार. मधलं भोक आमच्या मशीनच्या मापाचं. बास, आणखी काय पाहिजे?

"शेठ, हे कापलं कोणी?"

"दिलीपने. तू नव्हतीस, मग काम थांबवू का?"

दिलीपदादा आमचे जुने सुतार. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन फिटिंग करतात. हात सोन्याचा, पण तोंड! "ब्लेड भंगार आहे," ते म्हणाले. "हिला काय कळतंय ब्लेडमधलं?"

शेठनी लगेच निकाल दिला. "उद्या इम्पोर्टेड आणतो. मशीन दिलीप बघेल. तू पॉलिशला जा."

माझं डोकंच फिरलं. पॉलिशचं काम वाईट नाही हो. पण हे मशीन मी भांडून मिळवलं होतं, आणि न केलेल्या चुकीसाठी ते सोडायचं?

मी दार उलटून पाहिलं. टवके फक्त पांढऱ्या, दर्शनी बाजूला. आतल्या बाजूचं राखाडी लॅमिनेट स्वच्छ.

"दादा, पांढरी बाजू कुठे ठेवली होतीत?"

"खाली. वीस वर्षं खालीच ठेवतोय."

"साइटवर, हातातल्या मशीनने कापताना ना?"

दादा दाराची कड चाचपू लागले.

हातातल्या मशीनचे दात लाकडात खालून वर येतात. वरची कड तुटते, म्हणून चांगली बाजू खाली. टेबल सॉचे दात वरून खाली उतरतात. तिथे तुटते खालची कड, म्हणून चांगली बाजू वर. दादांचा हात सवयीने चालला आणि खापर ब्लेडवर फुटलं.

"कारणं नको सांगूस," शेठ म्हणाले.

"सांगत नाही, दाखवते. तेच ब्लेड, तेच शीट. पांढऱ्या बाजूला एक टवका निघाला तर मी स्वतः पॉलिशचा ब्रश उचलते. नाही निघाला तर माझ्या मशीनचं नाव काढायचं नाही."

सगळे जमले. मी पांढरी बाजू वर ठेवली. दात शीटच्या जेमतेम वर येतील एवढंच ब्लेड वर घेतलं. बटण दाबलं आणि घाई न करता, मध्ये न थांबता शीट ढकललं.

शेठनी चष्मा लावून कडेवरून दोनदा बोट फिरवलं. एक टवका नाही. खालची कड किंचित तुटली होती, ती मीच दाखवली. "ही आतली बाजू, कडेला पट्टी लागली की झाकली जाते. ऐंशी दातांनी हीसुद्धा सुधारेल. पण मग सकाळी साग कशाने चिरू?" लगेच त्याच ब्लेडवर सागाची एक पट्टी चिरून दिली. करपली नाही.

"बरं, बरं. लाग कामाला." शेठ केबिनकडे वळले.

"असं नाही शेठ. पॉलिशला जा म्हणालात ते सगळ्यांसमोर ना? मग मशीन कोणाचं, तेही सगळ्यांसमोर सांगा."

शेठ केबिनच्या दारात थांबले. शेवटी दिलीपदादाच खाकरले. "सांगून टाका शेठ. चूक माझी होती."

"तिचं," शेठ पुटपुटले.

"ऐकू नाही आलं."

"तुझं गं बाई, तुझं!"

दवाखान्याची सगळी दारं मी त्याच ब्लेडने कापली. एकही परत आलं नाही.

तुम्ही ब्लेड घ्यायला जाल तेव्हा आपण दिवसभर काय कापतो ते आधी आठवा, दात मग मोजा. कड तुटली तर शीट कसं ठेवलं होतं ते विचारा. आणि कोणी मशीनवरून उतर म्हणालं, तर आधी बटण दाबायचं. बोलायचं नंतर.