लसीच्या जागेची खूण

टिटवाळ्याच्या आरोग्य केंद्रात मी नर्स आहे. दर बुधवारी तिथे लसीकरण असतं. माझा हात हलका आहे असं बायका म्हणायच्या. म्हणून माझी मुलगी दीड महिन्याची झाली तेव्हा तिची सुई मीच दिली, डाव्या मांडीत. पुढच्याही सगळ्या मीच दिल्या. ती जेमतेम कुरकुरायची, पाय झाडायची नाही. "किती गुणी पोर!" सासूबाई म्हणाल्या, आणि मला अभिमान वाटला.

दोन वर्षांची झाली तरी ती धरूनसुद्धा उभी राहीना. बसवली की कलंडायची. डोंबिवलीतल्या आमच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. रक्ताच्या तपासण्यांतून काही ठरलं नाही, तेव्हा तिच्या डाव्या मांडीतून स्नायूचा लहानसा तुकडा काढून तपासायला दिला.

रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं गेलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "स्नायूंचे तंतू जन्मापासूनच नीट घडलेले नाहीत, असं दिसतंय. जनुकांची तपासणी आली की पक्कं सांगेन." मग त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे तुम्ही वाचाल आणि घाबराल, म्हणून आत्ताच सांगते. तुकड्यात एका जागी पेशींचा पुंजका आहे. काही लसींत ॲल्युमिनियमचा क्षार असतो, तो गिळून बसलेल्या पेशी आहेत त्या. ही लसीच्या जागेची खूण आहे. तिच्या आजाराचं कारण नाही."

"मग बाकीच्या मुलांना का नसते?" नवऱ्याने विचारलं.

"त्यांनाही असू शकते. पण धडधाकट मुलाची मांडी कापून कोण बघतं?"

मला सगळं पटलं होतं. तरी ती ओळ माझ्याच अक्षरात लिहिलेली असावी तशी मी तिच्याकडे बघत राहिले.

घरी जेवताना नवऱ्याने मान वर न करता विचारलं, "सगळ्या तूच दिलेल्यास ना?"

"हो."

"नाही, असंच विचारलं."

त्या दिवसापासून मुलीला तेल लावताना डाव्या मांडीवर सासूबाईंचा हात जरा जास्त वेळ फिरायचा.

पुढे एका बुधवारी गावातली एक आजी नातवाला घेऊन आली. पोराला मांडीवर घट्ट धरून म्हणाली, "बाय, तुझे पोरीला सुईनं पांगली केली सांगतान. खरा काय?"

'नाही' हा साधा शब्द होता. पण सिरिंज सोबतच्या नर्सच्या हातात देऊन मी आतल्या खोलीत गेले. बाहेर येईपर्यंत आजी नातवाला घेऊन निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली.

दीड महिन्याने जनुकांचा रिपोर्ट आला. आजार जन्मजातच होता. अर्धा दोष माझ्याकडून आलेला, अर्धा नवऱ्याकडून. डॉक्टरबाईंनी विचारलं, "पोटात असताना हालचाल कशी होती?"

कमी होती. खूपच कमी. तेव्हा मी म्हणायचे, शांत बाळ आहे माझं. लाथ न मारणाऱ्या त्या पायात मी तीन वेळा, चार वेळा सुई दिली, आणि नर्स असून मला काही दिसलं नाही. सुईचं भूत उतरलं, पण त्याच्या जागी हे बसलं.

बाहेर बाकावर नवरा हळूच म्हणाला, "म्हणजे मीही दिलंय तिला." मग त्याने माझा हात धरला. त्या जेवणानंतर पहिल्यांदाच.

रजा संपल्यावर मी आधी त्या आजीच्या घरी गेले. रिपोर्टमधल्या खुणेसकट, पोटातल्या कमी हालचालीसकट तिला सगळं सांगितलं. "तुझे पोटात काय चाललेला, तुला काय कलनार?" असं म्हणून तिने चहा टाकला. पुढच्या बुधवारी नातवाला घेऊन आली. त्याने असा सणसणीत पाय झाडला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हापासून मी प्रत्येक बाळाचे पाय बघते. सुई टोचली तरी पाय न झाडणारी दोन बाळं मी तपासायला पाठवली. एक ठणठणीत निघालं. दुसऱ्याचे उपचार चालू आहेत.

माझी मुलगी आता सात वर्षांची आहे, चाकाच्या खुर्चीतून शाळेत जाते. तिला जोराने खोकून कफ बाहेर काढता येत नाही, म्हणून तिला लसींची गरज जास्तच, असं डॉक्टरबाई सांगतात. पाचव्या वर्षीची लस माझ्या मैत्रिणीने तिच्या दंडात दिली. मी दाराबाहेर उभी होते.

परवा अंघोळीच्या वेळी तिने मांडीवरच्या टाक्यांच्या व्रणावर बोट ठेवलं. "आई, इथे कापून काय बघितलं?"

मी सांगितलं. सुईचंही सांगितलं.

"मग तू का रडतेस?"

"पाणी गेलं डोळ्यांत."

तिने टॉवेलचं टोक उचलून माझ्याकडे धरलं. हात थरथरत होता, पण तिने तो खाली घेतला नाही.