मॅट्रिकची झोप आणि पुण्याची गाडी

पाटात गाळ साचतो ना, तसे किस्से साचतात. पाणी केव्हाच पुढं गेलेलं असतं, पण काठावर बसून हात घातला की मूठभर काहीतरी निघतंच! परवा चहा पिताना कुणीतरी सहज विचारलं, "तुमच्या काळी मॅट्रिकला फार अभ्यास करायला लागायचा का हो?" मला अभ्यास काही आठवेना. आठवलं ते गणपतचं घोरणं! आणि मग एकातून एक निघतच गेलं.

तर ही गोष्ट एकोणीसशे तीस सालानंतरची. बारामतीत एका खोलीत आम्ही तिघं राहायचो. मी विष्णू, इंदापूर तालुक्यातल्या बावड्याचा. वसंता सुप्याचा, अंगानं काडी आणि स्वभावानं काळजी. आणि गणपत जळोचीचा. त्याचं घर तसं हाकेच्या अंतरावर, पण घरी राहिला की वडील वांग्याला पाणी द्यायला धाडायचे, म्हणून हेडमास्तरांनीच त्याला आमच्या खोलीत आणून टाकलेला. गणपत हुशार होता. पण एवढा दमलेला पोरगा मी जन्मात पाहिला नाही! भिंतीला टेकला की झोप, दाराला टेकला की झोप. एकदा तर न टेकताच!

*

झोप येऊ नये म्हणून गणपतनं एक युक्ती काढली. पहाटे पाटावर जायचं, गार पाण्यात पाय सोडून बसायचं आणि भूमिती वाचायची.

"पाय गार पडले की डोकं जागं राहतं," असं तो आम्हाला शास्त्रशुद्ध समजावायचा.

दुसऱ्या दिवशी वसंता आणि मी त्याला शोधत गेलो, तर पठ्ठ्या काठावर आडवा! पाय पाण्यात, तोंड उघडं, आणि भूमिती गायब! आम्ही पाटाच्या कडेकडेनं पळत सुटलो. बरंच खाली एक म्हातारे आबा उसाला पाणी देत होते. त्यांनी पुस्तक कधीच बाहेर काढून उसाच्या पाचटावर पान न् पान पसरून वाळत घातलेलं!

गणपत डोळे चोळत मागून आला. आबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "पुस्तक घिऊन जा, पोरा. पर सारी इद्या पान्यात उतरली. अवंदा माझ्या उसाला भूमिती येनार, तुला न्हाय!"

*

जेवायला आम्ही बनूमावशींच्या खाणावळीत. मावशींचा हात सढळ आणि तोंड त्याहून! परीक्षा जवळ आली तसं वसंताचं जेवण तुटलं. ताटावर बसून तो एकसारखा पुटपुटायचा. इंग्रजी क्रियापदं! "गो-वेंट-गॉन, गो-वेंट-गॉन." मावशी चुलीपाशी बसून बघायच्या.

एक दिवस तो मान हलवत, डोळे मिटून सुरू झाला, "थ्रो, थ्रू, थ्रोन! थ्रो, थ्रू, थ्रोन!"

"अगं बया, थुकाया लागलं लेकरू!" मावशी ओरडल्या. आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी मीठ-मिरच्या मुठीत घेतल्या, वसंतावरून उतरवल्या आणि धाडकन चुलीत टाकल्या. असा ठसका उठला म्हणता! खाणावळीतली सगळी पंगत खोकत रस्त्यावर आली. एक मारवाडी व्यापारी तर हातात भाकरी घेऊनच पळाला!

"मावशी," वसंता डोळे पुसत म्हणाला, "अहो ते इंग्रजी होतं!"

"इंग्रजी आसू दे न्हाय तर काय बी आसू दे," मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "भाईर निघालं न्हवं? मग झालं तर!"

*

परीक्षेला पुण्याला जावं लागायचं. आठवडाभर पेपर. शेवटच्या पेपरापर्यंत आमची पार चिपाडं झालेली, चरकातून काढल्यासारखी! इतिहासाचा पेपर, दुपारची वेळ, हॉलमध्ये नुसता टाकांचा कुरकुर आवाज. माझ्या पुढच्या बाकावर गणपत. थोड्या वेळानं त्याची मान हळूहळू खाली जायला लागली आणि शेवटी कपाळ उत्तरपत्रिकेला टेकलं.

सुपरवायझर उंच, गोरे, सोनेरी काड्यांचा चष्मा. ते सावकाश आले आणि त्यांनी बाकावर दोन बोटांनी टकटक केलं.

गणपत ताडकन उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "उठलो, मावशी! भाकरी वाढा!"

सगळा हॉल फुटला! मी तर शाई सांडली. सुपरवायझरांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ते म्हणाले, "भाकरी मिळेल. आधी तुम्ही उत्तर वाढा."

गणपत खाली बसला आणि असा लिहीत सुटला की घंटा झाल्यावर पेपर ओढून घ्यावा लागला.

*

मग सगळे आपापल्या गावी. मी बावड्याला येऊन जो झोपलो तो आईनं हलवून हलवून जेवायला उठवायचं एवढंच. निकालाची बातमी यायची ती मोटारीनं. बारामतीहून इंदापूरला आणि तिथून बावड्याला सर्व्हिस मोटार यायची. तिचा ड्रायव्हर मोठा बोलका गडी. हेडमास्तरांनी त्याला सकाळी स्टँडवर एवढंच सांगितलेलं, "बावड्याचा विष्णू पास झालाय, त्याच्या घरी निरोप दे."

आता ड्रायव्हर निरोप घेऊन निघाला, पण वाटेत जो चढेल त्याला तो निरोप ऐकवायचा. आणि एकच गोष्ट सारखी सांगायची तर माणसाला कंटाळा येणारच की! इंदापूर यायच्या आत मी पहिला आलो होतो. इंदापुरात चहा झाला, तोवर लाटसाहेबानं माझ्याशी हात मिळवलेला. आणि मोटार बावड्यात शिरली तेव्हा ड्रायव्हर भोंगा वाजवत ओरडत होता, "बावड्याचं पोरगं कलेक्टर झालं वो!"

मी भरदुपारी उठून अंगणात दात घासत होतो. बघतो तर हलगी वाजवत निम्मं गाव दारात! आईला काही कळेना, ती हरखून रडायलाच लागली. तेवढ्यात शेजारचे रामरावआबा पुढं आले. पटका नीट केला आणि चक्क हात जोडले, "सायेब, आमच्या बांधाचं तेवढं बघा."

तोंडातली राखुंडी कशीबशी थुंकून मी म्हणालो, "आबा, मी कलेक्टर नाही झालो. नुसता मॅट्रिक पास झालोय!"

आबा जराही हलले नाहीत. "आसंल, आसंल. पर मानूस एकदा पास व्हाया लागला म्हंजी थांबतंय व्हय? ध्येनात ठिवा, सायेब!"

*

गणपतही पास झाला. वसंता मात्र इंग्रजीत गेला. भेटायला म्हणून आम्ही दोघं सुप्याला गेलो. उन्हात करपलेल्या माळाकडं बघत तिघंही बसलो.

शेवटी वसंताच म्हणाला, "सगळी मावशींची करणी! एकूण एक क्रियापद उतरवून चुलीत घातलं!"

आणि स्वतःच असा हसायला लागला की आम्हालाही आवरेना. हसता हसता त्याचे डोळे भरले होते, ते मिरचीचे नव्हते. पण पुढच्या वर्षी पोरगा परत बसला आणि पास झाला. परीक्षा होईपर्यंत मावशींच्या चुलीपासून लांब, ओसरीवर जेवायचा!

*

आता प्रश्न कॉलेजचा. माझ्या घरचे तयार होते. गणपतचे वडील, तात्या, काही केल्या ऐकेनात. तात्यांचं म्हणणं सरळ होतं, "मॅट्रिक झालं, लई झालं. पुन्याला गेला तर वांगी कोन बघनार? पोरगं जातंय त्ये परत येत न्हाय." हेडमास्तर दोनदा जळोचीला जाऊन आले. तात्यांनी दोन्ही वेळा त्यांना पाटीभर वांगी दिली आणि वाटेला लावलं!

गणपतची आई या सगळ्यात एक अक्षर बोललेली नव्हती. एक दिवस ती रोपं लावत होती, मी आणि गणपत मदतीला. तात्या बांधावर उभे. तरव्यातून, म्हणजे रोपं जिथं दाट उगवतात त्या वाफ्यातून, ती एकेक रोप उपटून देत होती. एकदम थांबली आणि तात्यांना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की मग ही बी तरव्यातच! कशाला उपटायची?"

"येडी का काय?" तात्या म्हणाले. "तितं ऱ्हायली तर वांगं धरंल का?"

ती नुसती गणपतकडं बघत राहिली.

तात्यांनी बराच वेळ बांधावरचं गवत उपटलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "इष्णू, पुन्यात कोट लागत असंल न्हवं?"

*

कोट शिवायला आम्ही बारामतीच्या शिंप्याकडं. शिंप्यानं माप घ्यायला फीत काढली, तर तात्यांनी त्याचा हात धरला.

"आसं अंगाबराबर न्हाय. चार वर्सं शिकनार हाय त्यो. वाढत्या अंगाचा शिव."

"किती वाढता धरू?" शिंप्यानं विचारलं.

तात्यांनी हात गणपतच्या डोक्यावर वीतभर उंच धरला. शिंपीही इमानी माणूस, त्यानं अगदी तसाच शिवला! गणपतनं कोट घातला तेव्हा हात दिसेनात, गुडघे दिसेनात. वर नुसतं डोकं, टोपलीवर ठेवलेल्या नारळासारखं!

"तात्या," शिंपी गंभीरपणे म्हणाला, "पोरगं कालेजात काय शिकंल त्ये शिकंल. पर ह्यात तंबू ठोकून ऱ्हानार असंल तर भाडं वाचंल!"

*

आणि मग निघायचा दिवस. बारामती-दौंड गाडी छोट्या रुळांची, डबे खेळण्यासारखे, गर्दी मात्र खरीखुरी! मी आणि तात्या आधी डब्यात शिरलो. तात्यांचा जन्मात पहिल्यांदा आगगाडीत पाय. गणपतची ट्रंक बाकाखाली ढकलली, त्याचं तिकीट आपल्या पागोट्यात खोचलं आणि त्याच्या जागेवर मांडी घालून बसले. "तू सगळ्यांस्नी भेटून ये. मी जागा धरतो."

प्लॅटफॉर्मवर अख्खी जळोची आलेली! गणपत बिचारा एकेकाच्या पाया पडत निघाला. चुलते, चुलत्या, आत्या, त्यांचे शेजारी. वाकतोय, उठतोय, वाकतोय. शिट्टी झाली तरी रांग संपेना. शेवटी आईच्या पायावर डोकं ठेवलं आणि गाडी हलली!

गणपत धोतर सावरत पळाला. "तात्या, उतरा! उतरा!"

मी म्हणालो, "तात्या, आपण पुढच्या स्टेशनात उतरू."

"उतरू? आन् जागा?" तात्यांनी खिडकीतून डोकं काढलं आणि जोरात ओरडले, "गनपा, तू घरी जा, म्हशीची धार काड! उद्याच्या गाडीनं ये! तवर मी जातो कालेजात!"

मला वाटलं, चेष्टा. पण तात्या दौंडला उतरून माझ्याबरोबर मोठ्या गाडीत बसले, ट्रंक खांद्यावर घेऊन होस्टेलात आले आणि गणपतच्या कॉटवर घोंगडी टाकून बसले. तिथं एका वरच्या वर्गातल्या पोरानं गंमत म्हणून सांगितलं, "पहिल्याच दिवशी गैरहजर राहिलं की नाव कापतात, तात्या." झालं!

सकाळी मी वर्गात गेलो, तर दुसऱ्या बाकावर तात्या. पागोटं, उपरणं, हात गुडघ्यावर. पोरं खसखसायला लागली. इंग्रजीचे प्रोफेसर आले, हजेरी सुरू झाली आणि गणपतचं नाव आलं.

"हाय!" तात्या उभे राहिले.

वर्ग खदखदला. प्रोफेसरांनी चष्मा वर केला. "आपण?"

"मी त्येचा बाप. पोरगं आजच्या गाडीनं निघालंय, सांजच्याला पोचतंय. तवर माझी मांडा."

प्रोफेसरांनी तात्यांकडं पाहिलं, मग पेन उचललं आणि हजेरी मांडली. "बसा," म्हणाले. आणि तात्या पूर्ण तास बसले, इंग्रजीतला शब्द न् शब्द ऐकत, डोळा न लववता.

संध्याकाळी गणपत धापा टाकत होस्टेलवर आला. तात्यांनी घोंगडी झटकली, खांद्यावर टाकली आणि कॉटवरून उठले. सगळं ऐकल्यावर गणपतचा चेहरा उतरला. भीत भीत त्यानं विचारलं, "तात्या, मग आज शिकवलं काय?"

"मला काय ठावं?" तात्या म्हणाले. "हजर ऱ्हायचं त्ये मी ऱ्हायलो. कळून घ्यायचं तुझं तू बघ!"