एकच गोळी, दोन खिडक्या

हृदयविभागाच्या औषधखिडकीतल्या कंपाउंडरला अख्खं रुग्णालय ‘आमच्यापुरते’ म्हणायचं. कुणी म्हातारं विचारायचं, “दादा, किडनीच्या डॉक्टरांची गोळी यासोबत चालेल का हो?” की हा मान तिरकी करून, नाकातून, “आजोबा, मी आमच्यापुरतं सांगतो. तिकडचं तिकडे.” त्याच्याइतकी रांग कुणाची भराभर सरकत नसे, आणि त्याचा त्याला कोण अभिमान!

घरी आई. तिला अलीकडे उठलं की गरगरायचं. “वय झालं,” म्हणाला हा, आणि एकदा तिची पायरी चुकल्यावर त्यानं तिचं जिना उतरणंच बंद केलं. मावशी खालच्याच मजल्यावर. दोघी बहिणी आता कठड्यावरून बोलायच्या.

“काय गं, आज तरी सुटका?”

“कसली! जेलर कामावर गेलाय, हुकूम ठेवून.”

मग वरून आदेश आला: देशभरातल्या सरकारी रुग्णालयांत सगळ्या विभागांची औषधं एकाच खिडकीतून. नव्या औषधबाईंचा नियम असा, की रुग्णानं स्वतः यायचं, घरातली झाडून सगळी औषधं आणायची आणि काउंटरवर ओतायची. कंपाउंडर शेजारी बसून खुदखुदायचा, “मंडईच भरली की.”

एक दिवस त्यानं हात धरून आणलेल्या आईची पाळी आली. तिनं पिशवी उपडी केली. बाईंनी दोन पाकिटं उचलली.

“आजी, दोन्ही घेता?”

“रोज. पांढरी हृदयाची, गुलाबी किडनीची.”

“अहो, नावं तेवढी वेगळी. आत औषध एकच, रक्तदाब उतरवायचं. दुप्पट जातंय पोटात. गरगरेल नाही तर काय? आणून कोण देतं?”

कंपाउंडरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पांढरी तो स्वतःच्या खिडकीतून न्यायचा, गुलाबी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचणं हाच तर त्याचा धंदा.

“त्याला नका बोलू हो,” आई मोठ्यानं म्हणाली. “हृदयाच्या खिडकीतला तो. किडनीचं बिचाऱ्याला काय कळणार?”

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. त्याला वाटलं, हिनं चारचौघांत कानाखाली दिली असती तर बरं.

डॉक्टरांनी गुलाबी बंद केली. गरगर ओसरली, तशी एका सकाळी आई चपला घालून दारात उभी राहिली.

“जाऊ का रे खाली?”

अजूनही त्यालाच विचारत होती.

“मला काय विचारतेस, आई,” तो पुटपुटला, आणि बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं जो खाली वाकला, तो तिची पावलं जिन्यावरून पार उतरून जाईपर्यंत.