ओढ्यापलीकडं पोचलेला भोंगा

लग्न होऊन मी पलूसजवळच्या वस्तीवर आले, तेव्हा आमचे हे साखर कारखान्यात फिटर होते. गळीत हंगामात कारखान्याची वाफेची शिट्टी लांबवर ऐकू जायची. हंगाम संपून बॉयलर थंड झाला, की उरायचा तो ऑफिसच्या छतावरचा विजेचा जुना भोंगा. कुठं आग लागली की कुणीतरी सायकल मारत गेटवर जायचं आणि वॉचमन भोंगा वाजवायचा. पण ओढ्यापलीकडं, आमच्या रानात, तो पोचायचाच नाही.

एका उन्हाळ्यात चुलत सासऱ्यांची कडब्याची गंजी पेटली. भोंगा वाजला, पण रानातल्या माणसांना काही कळलंच नाही. गंजीची राख झाली. त्या दिवशी हे जेवले नाहीत. म्हणाले, "भोंगा आमच्या हाताखालचा, आन् आमच्याच मानसांस्नी ऐकू येत न्हाई."

फौजेतून आलेले एक फोरमन होते. त्यांनी आणि ह्यांनी भोंगा खाली उतरवला. मला बघायची फार हौस, म्हणून हे एकदा वर्कशॉपात घेऊन गेले. आत पंख्यासारखं चाक, भोवती खिडक्या पाडलेलं लोखंडी कडं. चाक फिरलं की खिडक्या उघडझाप करतात, बाहेर पडणारी हवा तुकड्यातुकड्यांनी तुटते आणि तिचाच आवाज होतो. पण बेअरिंग झिजल्यावर चाक कड्याला घासू नये म्हणून कुणीतरी ते तासून बारीक केलं होतं. मधल्या फटीतून हवा नुसतीच निसटत होती.

सांगलीच्या फौंड्रीतून नवं चाक ओतून आणलं. मधे पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढीच फट ठेवली. छतावर गेलेली वायर बारीक होती, त्यामुळं मोटर पुरत्या वेगानं फिरत नव्हती. तीही जाड घातली.

मग चाचणी. मी रानाच्या टोकाला उभी राहायची आणि संध्याकाळी फोरमनना सांगायची.

"आला, पर दबल्यागत."

हे म्हणाले, "वस्तीकडं तोंड करून कर्णा बसवूया."

फोरमन म्हणाले, "तुमच्याकडं लय वाजंल रं. कारखान्यामागच्या वाडीनं काय करायचं?"

शेवटी छताचा कठडा आवाज अडवतोय असं ठरलं आणि भोंगा उंच लोखंडी पायांच्या घोड्यावर चढवला. दुसऱ्या दिवशी तो वाजला तशी भांगलणाऱ्या बायका खुरपी टाकून उभ्या राहिल्या. मी फोरमनना म्हणाले, "आवं, आता कानात बोटं घालाय लागत्यात!" ते लहान पोरासारखे हसले.

पुढच्या उन्हाळ्यात आमचाच गोठा पेटला. घरात मी आणि सासूबाई. रानातून धावत आलेले दीर सायकलवरून कारखान्याच्या गेटकडं सुटले. आम्ही दावी कापली, पण गाभण म्हैस धुरात बुजली, जागची हलेना. तेवढ्यात भोंगा चढत गेला आणि चारी बाजूंनी माणसं धावत आली. कुणाच्या हातात घागर, कुणाच्या खांद्यावर ओली पोती. मागच्या वाडीचीसुद्धा आली. चौघांनी म्हशीला ढकलत बाहेर काढलं. छप्पर गेलं, पण सगळी जनावरं वाचली.

हे कारखान्यावरून सर्वांत शेवटी पोचले. सासूबाईंनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि त्या रडू लागल्या.

थोड्याच दिवसांत म्हैस व्याली. पहिल्या चिकाचा खरवस मी स्वतः फोरमनच्या घरी नेऊन दिला. पाया पडायला वाकले, तर ते मागं सरले. म्हणाले, "आगं, ऐकाय तू हुतीस म्हणून झालं."

मला मात्र आजही त्यांचेच उपकार आठवतात.